दिशांचं वस्त्र

दिगंबर हा शब्द आपण गोव्यात किती सहज उच्चारतो! गुरुवारी दत्ताच्या देवळात आरती संपली की लहानथोर एका सुरात तो आळवतात. घरटी एखादा दिगंबर काका नाहीतर दिगंबर भाटकार असतोच. २००७ ते २०१२ या काळात आपले मुख्यमंत्रीसुद्धा दिगंबरच होते. पण शब्द फोडून बघा. दिक् म्हणजे दिशा, अंबर म्हणजे वस्त्र. दिशा हेच ज्याचं नेसण, तो दिगंबर. सरळ मराठीत सांगायचं तर नागडा. हे असं सरळ सांगितलं की टाळ वाजवणारी मंडळी गालात हसतात आणि प्रसादाचा विषय काढतात.

हसण्याला कारणही आहे. गोवा आणि नागडेपणा हे दोन शब्द जवळ आले की आपल्याला दत्तगुरू आठवत नाहीत, हणजूणचा किनारा आठवतो. सत्तरच्या दशकातले हिप्पी, त्यांना बघायला बस भरून येणारे लोक, आणि त्या लोकांना बघून खाली मान घालणारे आपण. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलिंद सोमण यांनी आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचं छायाचित्र टाकलं, तेव्हा कोलवा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्याच काळात कितीतरी मराठी घरांत गजानन महाराजांची तसबीर होती आणि तिच्यापुढे उदबत्ती लागत होती. महाराज १८७८ साली शेगावात प्रकटले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. अंगावर कपडा नसलेल्या त्यांच्या चित्रासमोर आपण लेकीसुनांसह हात जोडतो आणि कुणाची नजर खाली जात नाही. देह तोच, उघडेपणाही तोच. मग बदललं काय?

हा प्रश्न मला फार वर्षं छळतो आहे, कारण तो माझ्या घरातला आहे. पण आधी जरा मागे जाऊ.

कपडा हा आपल्याकडे कधीच नुसता कपडा नव्हता. माझ्या लहानपणी शेतात राबणारा माणूस काष्टी लावून असायचा. त्याला कुणी उघडा म्हणत नसे. कुणबी-गावडा समाजातली म्हातारी देठलीची गाठ खांद्यावर मारून बिनचोळीची वावरायची आणि तिच्या अंगावर जेवढी मर्यादा दिसायची तेवढी आजच्या पाचवारीतही दिसत नाही. उलट १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने बाटलेल्या गोंयकारांना धोतर आणि चोळी वापरायला बंदी घातली. अंग झाकायला नव्हे, ओळख झाकायला! उघडं कोण आणि झाकलेलं कोण, हे कापडाच्या वारावर ठरत नाही, बघणाऱ्याच्या मनावर ठरतं. हे तत्त्व म्हणून कळायला सोपं आहे. स्वतःच्या कातडीवर घेऊन बघितलं की अवघड होतं.

तर आता मुद्द्याचं. २००८ सालापासून मी रोज पहाटे योगासनं करतो, आणि ती अंगावर एकही कपडा न ठेवता करतो. दार लावून, एकट्याने. घरात बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला झालं.

हे शौक म्हणून सुरू झालं नाही. मला कोड आहे. बाविसाव्या वर्षी डाव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला, वर्षभरात तो कोपरापर्यंत गेला, पुढे मान, पाठ, घोटे. डॉक्टर त्याला व्हिटिलिगो म्हणतात. जगात शंभरातल्या साधारण एका माणसाला तो असतो. शरीराचीच संरक्षण-यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. तो शिवल्याने लागत नाही, आणि कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण आपल्या भाषेने त्याला श्वेतकुष्ठ म्हणून ठेवलं, आणि त्या एका शब्दाने जेवढी लग्नं मोडली तेवढी पत्रिकेतल्या मंगळानेही मोडली नसतील. आमच्या आईने पहिल्या दिवशी सांगितलं ते एवढंच, "कोणाक सांगूं नाका." मग तीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यातही लांब बाह्यांचा शर्ट. देवळाच्या तळीवर सगळे चुलतभाऊ उड्या मारत असताना मी काठावर चपला राखत बसलेला. देवाच्या पालखीला खांदा द्यायचा तर उघड्या अंगाने जावं लागणार, म्हणून पालखीच्या दिवशी मला हटकून ताप येत असे.

आई मला गाणगापूरला घेऊन गेली. आपल्या गोमंतकीय दत्तभक्तांना गाणगापूरची वाट सांगायला नको. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण पादुका, माधुकरी. गुरुचरित्रात नरहरी नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. त्याला कुष्ठ झालेलं. गुरूंनी त्याला औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं आणि संगमावर रोवून पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, तो घालत राहिला. लाकडाला पालवी फुटली आणि त्याची काया शुद्ध झाली. ही गोष्ट आईला पाठ होती. तिने मला संगमात स्नान करायला सांगितलं आणि मी सदरा न काढता पाण्यात उतरलो. आजूबाजूला हजारभर माणसं दिगंबराच्या नावाचा गजर करत होती आणि मी त्या गजरात अंगाला चिकटलेला ओला सदरा दोन्ही हातांनी खाली ओढत होतो.

पुढे २००६ साली एका रुग्णालयात प्रकाशोपचार सुरू झाले. कपाटासारखी उंच पेटी, आतून चारी बाजूंनी उभ्या नळ्या. कपडे काढून आत उभं राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला तेवढं आच्छादन. हात अंगापासून जरा सुटे. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धं मिनिट, मग हळूहळू वाढवत नेतात. आठवड्यातून दोनदा, सव्वा वर्ष. चेहऱ्यावरचे बरेच डाग भरले. बोटांवरचे आणि घोट्यांवरचे भरले नाहीत. तिथे उपचार फारसा लागू पडत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या पेटीत मला एक अनपेक्षित गोष्ट मिळाली. न्हाणीत घाईघाईने अंगावर पाणी घेण्यापलीकडे, प्रौढ वयात मी प्रथमच उघड्या अंगाने नुसता उभा राहत होतो. बघायला कुणी नाही, करायला काही नाही. फक्त उभं राहायचं.

त्याच सुमारास श्रवणबेळगोळला जाणं झालं. ही गोमटेश्वराची मूर्ती चामुंडरायाने इसवी सन ९८१ च्या सुमारास उभारली. सत्तावन्न फूट उंच, एका दगडात. तिच्या पायाशी मराठीतला एक अत्यंत जुना शिलालेख आहे, म्हणून मराठी माणूस तिथे जातो तो बहुधा अक्षरं बघायला. मीही तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण वर बघितलं आणि चमकलो. बाहुबली अगदी तसाच उभा होता! पाय जुळवलेले, हात अंगापासून जरा सुटे, नजर समोर. पायाशी वारुळं, मांड्यांवर आणि दंडांवर वेली चढलेल्या. जैन या उभं राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात. काय म्हणजे देह, उत्सर्ग म्हणजे सोडून देणं. देह टाकायचा नाही, देहावरचा 'माझा' हा शिक्का सोडायचा. वेल अंगावर चढते आहे तर चढू दे. मला एकदम वाटलं, डाग चढतो आहे तर चढू दे.

घरी आल्यावर मी आसनं सुरू केली ती अशी. पुस्तकं मात्र चाळली. हठप्रदीपिकेत योग्याच्या खोलीचं वर्णन आहे. दार लहान, खिडकी-भोक नको, जमीन शेणाने सारवलेली. इतका बारकावा आहे, पण अंगावर काय असावं याविषयी त्या वर्णनात शब्द नाही. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. तिथल्या जुन्या छायाचित्रांत साधक लंगोटावर दिसतात. अय्यंगारांच्या १९६६ सालच्या पुस्तकात ते आखूड चड्डीवर आहेत. म्हणजे शरीर दिसलं पाहिजे, बरगडी कुठे फुगते आणि पोट कुठे आत जातं हे कळलं पाहिजे, ही गरज सगळ्यांनाच होती. आजचे रंगीत, घट्ट योगाचे कपडे ही अगदी अलीकडची दुकानदारी.

पतंजलींनी मात्र मला कोड्यात टाकलं. योगसूत्रांत म्हटलंय की शौचाच्या पालनाने साधकाच्या मनात स्वतःच्या अंगाविषयी जुगुप्सा उपजते. मी मनात म्हटलं, महाराज, ती तर मला योगाच्या आधीपासूनच आहे! मग मिळवायचं काय? पुष्कळ दिवसांनी उलगडलं ते असं. ज्याला आपला देह आवडतो तोही दिवसभर देहाकडे बघत असतो आणि ज्याला किळस येते तोही दिवसभर देहाकडेच बघत असतो. दोघेही आरशाचे नोकर. सूत्रातल्या जुगुप्सेला जाणकार विरक्ती म्हणतात. विरक्ती म्हणजे ना गोंजारणं, ना झिडकारणं. नुसतं असू देणं.

प्रत्यक्षात काय होतं? निराशा होईल, पण सांगतो. काहीच होत नाही. पश्चिमोत्तानासनात पोटाला तीन वळ्या पडतात. वज्रासनात पोटरीवर मांडी दाबली की उन्हाळ्यात घाम निथळतो. थंडीत अंगावर काटा येतो आणि शवासनाच्या वेळी फॅन बंद करावा लागतो. पन्नाशी ओलांडलेलं, केस पिकलेलं, दोन रंगांचं शरीर. त्यात चाळवण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. नागवेपण म्हटलं की ज्यांना फक्त वासना आठवते त्यांनी आठ दिवस हे करून बघावं. नवव्या दिवशी ते इतकं साधं होतं की लक्ष आपोआप श्वासावर जातं. कपडा आणि वासना यांची गाठ आपण समजतो तेवढी पक्की नाही. झाकण्यातच निम्मी चाळवणी असते.

एक मात्र बायकोने ऐकवलं ते मी विसरलो नाही. मी उत्साहाने हे सगळं तत्त्वज्ञान तिला सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमचं बरं आहे. तुम्ही दार लावलं की खोलीत एकटे असता. बाई दार लावून घेते ना, तेव्हा बघणारे सगळे तिच्याबरोबर आत येतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकांतही नव्हतं. दिगंबर जैन परंपरेत मुनी विवस्त्र असतात, पण आर्यिका पांढरी साडी नेसतात. स्त्रीला वस्त्रत्याग शक्य नाही म्हणून त्या जन्मात मोक्ष नाही, असं ते शास्त्र सांगतं. विसाव्या शतकात ही मुनिपरंपरा पुन्हा जागी करणारे आचार्य शांतिसागर आपल्या मराठी-कानडी सीमेवरच्या भोज गावाकडचे. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. त्यांच्या त्यागापुढे मान लवते. पण बायकोचा प्रश्न तिथेही उभाच राहतो.

त्याचं उत्तर शोधायला नव्हे, पण त्याच्या जवळ मी पोचलो तो मुडबीला.

मुडबी हे बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातलं, कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेकडचं गाव. माझा एक जुना सहकारी तिथला. नोकरीसाठी पंचवीस वर्षं गोव्यात काढली आणि निवृत्तीनंतर गावी परतला. गाणगापूरहून माणिकनगरला जाताना वाटेत मुक्कामाला ये, असं त्याचं कधीचं आमंत्रण होतं. गेल्या हिवाळ्यात जमलं. आपल्या लाल मातीतून गेलेल्या माणसाला तो मुलूख परका वाटतो. काळीभोर रानं, तुरीची पिवळी फुलं नुकतीच झडून शेंगा धरलेल्या, मैलोगणती एक माड नाही. आणि तरी भाषा कानाला ओळखीची. १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख, १९५६ पासून कर्नाटकात. एका घरात आजी मराठीत ओवी म्हणते, सून कानडीत रागावते आणि बाजारात दोघी दखनीत घासाघीस करतात. माणिकप्रभूंचा सकलमत संप्रदाय याच मातीत का रुजला, ते इथे दोन दिवस राहिलं की कळतं. प्रभूंचा जन्म १८१७ चा, याच भागातल्या लाडवंतीचा.

"या की सर, बसा की!" मित्राने हाक दिली. जेवणाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी (तिकडे तिला पुंडी म्हणतात), शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचं घट्ट वरण. मित्र लिंगायत. सकाळी अंघोळ झाल्यावर डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तो अर्धा तास निश्चल बसतो. मी विचारलं, देवळात जात नाहीस? तो म्हणाला, "बसवण्णांनी शरीरालाच देऊळ म्हटल्यावर अजून कुठं जायचं सर?" बाराव्या शतकात याच कल्याणच्या राजधानीत बसवण्णा बिज्जळ राजाच्या दरबारी होते. न्हावी, धोबी, चांभार, नावाडी, सगळे एका मंडपात बसून अनुभव सांगत. हातांनी काम करणाऱ्या माणसांनी देहाला पाप म्हणणं नाकारलं, यात नवल नाही. देहच त्यांचं हत्यार होता.

दुसऱ्या दिवशी मित्राने मला बसवकल्याणला नेलं. गावाबाहेर बसवण्णांची एकशेआठ फुटी मूर्ती आहे. तिच्याकडे सगळे जातात. मला बघायची होती ती अक्कमहादेवीच्या नावाची गुहा. आत काही नाही. खडक, थोडी ओल, कुणीतरी वाहिलेली फुलं. बाहेर दगडावर बसून मित्राने अक्कांची गोष्ट सांगितली. मला माहीत होती, पण त्या जागी ऐकणं वेगळं.

अक्का शिवमोग्ग्याकडच्या उडुतडी गावच्या. कौशिक राजाने त्यांना मागणी घातली. मन चन्नमल्लिकार्जुनाला वाहिलेलं. राजाने आग्रह धरला तेव्हा त्या सगळं सोडून निघाल्या, अंगावरचं वस्त्रही. मोकळे केस तेवढे अंगाभोवती. एकट्या बाईने तसं चालत कल्याण गाठलं, म्हणजे वाटेत किती नजरा झेलल्या असतील! आणि अनुभवमंटपाच्या दारात अल्लमप्रभूंनी अडवलं. पंधराव्या शतकातल्या शून्यसंपादने या ग्रंथात हा संवाद सविस्तर आला आहे. अल्लमांनी विचारलं, देहाचा मोह गेला म्हणतेस, मग हे केस कशाला ओढून घेतलेस? प्रश्न निष्ठुर आहे, पण खरा आहे. अक्कांच्या उत्तराचा आशय असा, की फळ आतून पिकल्याशिवाय वरच्या सालीची कांती बदलत नाही, आणि माझ्या देहाच्या खुणा बघून तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी केस घेतले आहेत.

मी त्या दगडावर बराच वेळ गप्प होतो. आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडताना विचारलेला प्रश्न आठशे वर्षांपूर्वी याच गावात विचारला गेला होता. अक्कांनी बघणाऱ्यांना हाकलून दिलं नाही, त्यांच्यापुढे त्या लाजल्याही नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की आवरण आता माझी गरज नाही, तुमची आहे. लाज त्यांच्या अंगावरून निघाली आणि बघणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसली. हे मी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अक्का संत होत्या हो. बाकीच्यांनी काय करायचं?" बरोबरच आहे. एका अक्कांनी वाट दाखवली म्हणून ती सगळ्यांसाठी मोकळी झाली असं नाही.

याला जोडून एक फार जुनी गोष्ट आठवते. इसवी सनापूर्वी ३२६ साली सिकंदर तक्षशिलेला आला तेव्हा ग्रीकांनी तिथले विवस्त्र साधू बघितले आणि त्यांना जिम्नोसोफिस्ट, म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, असं नाव दिलं. आपण व्यायामाला जातो त्या 'जिम'चं मूळही याच नग्नवाचक ग्रीक शब्दात आहे. सिकंदराचा माणूस ओनेसिक्रिटस या साधूंकडे शिकायला गेला. त्यातला एक, कॅलॅनस, हसून म्हणाला, शिकायचं असेल तर कपडे काढ आणि या तापलेल्या दगडांवर आमच्यासारखा पड. तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या मंडनिसने कॅलॅनसलाच झापलं, की हा उर्मटपणा आहे, आणि पाहुण्याला कपड्यांसकट जवळ बसवून घेतलं. मला हा वडीलधारा फार आवडतो. वस्त्र टाकणं हीच जर ऐट झाली, तर तेही एक वस्त्रच.

मुडबीला परतलो तेव्हा मित्राने दबकत विषय काढला. त्याच्या धाकट्या मुलाला, सत्तावीस वर्षांच्या, दोन वर्षांपासून कोड आहे. ओठाच्या कडेला आणि दोन्ही हातांवर. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगा कलबुर्गीला नोकरीला आहे, सुटीत घरी आला तरी माडीवरून खाली उतरत नाही. "तुमी बोला सर त्याच्याशी. तुमचं ऐकेल." मित्राने गोव्यात माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काढली. माझ्या लांब बाह्यांबद्दल त्याने एकदाही विचारलं नव्हतं. पण ठाऊक सगळं होतं.

मी माडीवर गेलो. मुलगा खुर्चीत बसलेला, हात खिशात. मी काही न बोलता सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि समोर बसलो. तो बघत राहिला. मग डॉक्टरी बोलणं झालं. उपचार सुरू आहेत का, किती झाले, ओठाजवळचा भाग भरायला वेळ लागतो, कुणी जडीबुटीवाला खात्री देत असेल तर पैसे घालवू नकोस. मग मी माझ्या पहाटेच्या आसनांबद्दल सांगितलं, जसं इथे लिहिलं तसंच.

त्याने विचारलं, "काका, मग डाग गेले?"

"नाही."

"मग गेलं काय?"

मी जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, "आरशासमोरून जाताना मान फिरवायची सवय गेली. आणि पालखीच्या दिवशी ताप यायचा, तो यायचा थांबला."

तो हसला नाही. पण रात्री जेवायला खाली आला आणि बापाच्या शेजारी बसून त्या हातांनी भाकरी मोडली. त्याच्या आईने त्याच्याकडे न बघण्याचं नाटक केलं आणि वरणावर तूप जरा जास्तच घातलं. पुढे त्याचं काय झालं, लग्न जमलं का, हे विचारू नका. मी विचारलेलं नाही. डाग असलेल्या माणसाची गोष्ट लग्नाने संपलीच पाहिजे असं कुठे आहे?

हे वाचून कुणाला करून बघावंसं वाटलं तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पहाटेची वेळ चांगली, अंघोळ झाल्यावर. सतरंजीवर धुतलेली सुती चादर घाला, ती आपली एकट्याची ठेवा. घरातल्या माणसांना न घाबरवता दार लावा. त्यांच्या डोळ्यांचाही मान आहे, अक्कांनी तो ठेवला. नवीन असाल तर आसनं कपड्यांवर जाणत्या माणसाकडून शिकून घ्या. कातडीचा आजार असेल तर औषध चालू ठेवा, कारण योगाने कोड बरं होत नाही आणि तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा. ज्यांना नको वाटतं त्यांनी करू नये. तक्षशिलेच्या त्या वडीलधाऱ्याप्रमाणे आपणही त्यांना कपड्यांसकट जवळ बसवू.

आणि फोन खोलीबाहेर ठेवा. हे मी सगळ्यात महत्त्वाचं समजतो. कोलव्याला गुन्हा नोंदला गेला तो योग्य की अयोग्य, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. सोमण आणि मधु सप्रे यांच्यावर एका जाहिरातीवरून १९९५ साली झालेला खटला तर चौदा वर्षं चालला आणि २००९ साली दोघे निर्दोष सुटले. मला त्या वादात पडायचं नाही. पण ज्या क्षणी छायाचित्र निघतं त्या क्षणी बघणारा खोलीत येतो. मग तो बघणारा आपल्यावर खूश असो की नाराज, आपण पुन्हा त्याच्यासाठी उभे राहू लागतो. बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या तेव्हा तो कुणासाठी उभा नव्हता, स्वतःसाठीसुद्धा नव्हता.

यंदा पालखीला मी खांदा दिला. कमरेला पंचा, वरून उघडा. पुढच्या दांडीला माझ्या शेजारी एक दहाबारा वर्षांचा मुलगा हात लावून चालत होता. त्याने माझ्या पाठीकडे बघून निरागसपणे विचारलं, "अंकल, हें कितें?" मी म्हटलं, "कोड." तो "बरें" म्हणाला आणि पालखीकडे बघू लागला.